सभा, सवाल आणि यंत्र

चार माणसांनी एकत्र बसून कोणा जाणत्याचे भाषण ऐकावे आणि ते संपल्यावर एखाद्याने उठून शंका विचारावी, ह्यात विशेष ते काय, असे आजच्या वाचकास वाटेल. पुण्याच्या वाचकास तर नक्कीच वाटेल. न्यायमूर्ती रानड्यांनी तेथे १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्याख्यानाला जाण्याची त्या शहराची सवय दीडशे वर्षांची आहे. आमच्या नांदेड-लातूरकडची गोष्ट निराळी. इकडे सभा ही वस्तू कोणी आम्हांस सहजासहजी दिलेली नाही.

हैदराबाद संस्थानात 'गश्ती निशाण त्रेपन्न' म्हणून एक हुकूम होता. गश्ती म्हणजे परिपत्रक. १९२० नंतरच्या दशकात निघालेल्या ह्या परिपत्रकाने सरकारची आगाऊ परवानगी घेतल्यावाचून जाहीर सभा भरवण्यास मनाई केली होती. राज्यकारभार उर्दूत चाले, १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिकवणे उर्दूतूनच होई, आणि प्रजा मात्र बहुतेक तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी. म्हणजे माणसाने बोलायचे तर आधी परवानगी हवी, आणि ती मागायची तर परक्या भाषेत मागायची, असा दुहेरी कुलपाचा कारभार होता.

पण हुकूम जितका कडक, तितकी लोकांची युक्ती बारीक. कीर्तन, गणेशोत्सव, वाचनालयाचा वार्षिक समारंभ अशा आडवाटा लोकांनी धरल्या. शाळा हीदेखील एक आडवाटच होती. हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि १९२९ साली तेथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे एक तरुण शिक्षक मुख्याध्यापक म्हणून आले. हेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून प्रसिद्धीस आले. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व एका शाळामास्तराकडे गेले, ह्याचा मला मास्तर म्हणून अभिमान वाटतो. तेवढा अभिमान वाचकांनी मला करू द्यावा.

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. दुसरे १९३८ साली लातूरला, आणि तिसरे १९४१ साली नांदेड जिल्ह्यातल्या उमरीस. परिषदेत मवाळ होते आणि जहाल होते. मवाळांचे म्हणणे असे की, शिक्षण आणि समाजसुधारणा एवढ्यावरच बोलावे, सरकारास चिडवू नये. जहालांचे म्हणणे, राज्यकारभारात प्रजेला वाटा आहे की नाही, हा सवाल टाळून बाकीच्या गप्पा कसल्या मारता? वाद रंगले, ठरावांच्या शब्दांवरून ओढाताण झाली. मला ही अधिवेशने महत्त्वाची वाटतात ती त्यांच्या ठरावांमुळे नव्हे. लातूरच्या बाजारपेठेतला अडत्या आणि खेड्यातला कुणबी एका मांडवात बसून 'हे असे का?' म्हणून विचारू लागला, ही त्या काळी नवीच गोष्ट होती. सरकारलाही तिचे मर्म कळले असावे. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर जी बंदी आली, ती तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच आली!

उमरीचे नाव निघाले म्हणून आणखी एक हकिकत सांगतो, कारण पुढे तिची गरज लागणार आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीस गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी उमरीची बँक ताब्यात घेतली आणि लढ्यासाठी सुमारे वीस लाख रुपये नेले. कायद्याच्या पुस्तकात ह्या कृत्याला काय म्हणतात ते आपणांस ठाऊक आहे. पण ह्या लोकांनी त्या पैशाचा हिशेब ठेवला, आणि पुढे तो सादरही केला. बंदुकीच्या धाकाने आणलेल्या पैशाचाही आपणांस जाब द्यावा लागेल, असे ज्यांस वाटत होते, अशी ती माणसे होती. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मोकळे झाले आणि गश्तीही इतिहासजमा झाली.

आता दिवाळीच्या फराळाबरोबर ही जुनी गश्ती कशाला, असे कोणी म्हणेल. कारण असे की, गेली दोनतीन वर्षे आमच्याकडे सभांचा एक नवाच हंगाम आला आहे. महाविद्यालये, वाचनालये, शिक्षकांची प्रशिक्षणे, गणेश मंडळांचे मांडव, जिकडे पाहावे तिकडे एकच विषय: कृत्रिम बुद्धिमत्ता, समाज आणि नीती. नांदेडला स्वामीजींचेच नाव असलेले विद्यापीठ १९९४ साली १७ सप्टेंबरच्या मुहूर्तावर निघाले. त्याच्या छत्राखालच्या चार जिल्ह्यांत आता 'एआय' हा शब्द पोळ्यासंक्रांतीइतका ओळखीचा झाला आहे. निमंत्रणपत्रिका माझ्याही टेबलावर येतात. मी मॅट्रिकपुढे गेलो नाही, शाळेत शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे यंत्राच्या पोटात काय चालते त्यावर मला अधिकारवाणीने बोलता यायचे नाही. पण सभेत काय चालते ते मात्र मला कळते. म्हणून ह्या लेखात मी यंत्राचा इतिहास थोडा आणि सभेचा जास्त सांगणार आहे.

यंत्र विचार करील का, हा प्रश्न अगदी कालपरवाचा आहे, असा ह्या व्याख्यानांतून अनेकदा समज होतो. तो खरा नव्हे. ॲलन ट्युरिंग ह्या इंग्रज गणितज्ञाने १९५० साली हा प्रश्न एका निबंधात रोखठोक विचारला. (ट्युरिंगचे वडील मद्रास इलाख्यात सनदी नोकर होते, साहेबाचे पोर इकडेच वाढले असते तर काय झाले असते, असा एक कादंबरीकाराचा विचार माझ्या मनात येऊन जातो.) त्याच वर्षी अमेरिकेतले नॉर्बर्ट वीनर ह्यांनी माणसाने माणसाचा उपयोग कसा करावा ह्यावर एक पुस्तक लिहिले आणि यंत्राच्या हाती निर्णय सोपवण्यातला धोका सांगितला. हे वीनर १९५५-५६ च्या सुमारास काही महिने कलकत्त्यास येऊन राहिले होते. १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत डार्टमथ येथे काही शास्त्रज्ञ जमले आणि 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आमचा मराठवाडा हैदराबाद सोडून मुंबई राज्यात आला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही हे खरे, पण सनावळी पाठ करणाऱ्या मुलांना मी दोन्ही एकदमच सांगतो. लक्षात राहतात.

१९६६ साली जोसेफ वायझेनबॉम ह्यांनी एक गप्पा मारणारा संगणक कार्यक्रम तयार केला. तो करी काय, तर माणूस जे बोलेल तेच थोडे फिरवून प्रश्नरूपाने परत करी. 'मला फार उदास वाटते,' असे म्हटले की 'तुम्हांला उदास का वाटते?' बस्स, एवढेच. पण वायझेनबॉम ह्यांची स्वतःची चिटणीस बाई त्या यंत्राशी बोलू लागली आणि थोड्या वेळाने साहेबांनाच म्हणाली, आपण जरा बाहेर जाता का? ह्या प्रसंगाने वायझेनबॉम इतके अस्वस्थ झाले की, पुढे १९७६ साली त्यांनी एक ग्रंथच लिहिला. यंत्राला काही कामे करता आली तरी ती त्याच्याकडून करवून घेऊ नयेत, असे त्यांचे सांगणे. आज लातूरच्या वसतिगृहात रात्री दोन वाजता मोबाइलशी मनीचे बोलणारे एखादे पोर पाहिले म्हणजे त्या चिटणीस बाईची मला आठवण होते.

आपल्या देशातही हा विषय कोरा नव्हता. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली स्वतः बांधलेला संगणक चालू केला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. पुढे विमा महामंडळाने संगणक आणायचे ठरवले तेव्हा कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी तो कार्यालयात येऊ नये म्हणून रात्रंदिवस इमारतीभोवती पहारा केला. वाद देशभर पेटला आणि १९६९ साली सरकारने ह्या स्वयंचलित यंत्रांच्या प्रश्नावर एक समिती नेमली. अध्यक्ष होते आपले पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. समितीचा अहवाल आला १९७२ साली. त्या साली मराठवाड्यात कोणता संगणक आणि कोणते काय! आमची माणसे खडी फोडत होती, सुकडी खात होती. पुढे १९८३ साली महाराष्ट्र सरकारने विभागाविभागांतला अनुशेष मोजण्यासाठी सत्यशोधन समिती नेमली, तीही ह्याच दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली. १९८४ साली त्यांनी राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा काढला. त्यात मराठवाड्याचा वाटा चोवीस टक्क्यांच्या आसपास होता. त्या आकड्यांवर केवढी भाषणे झाली, केवढे मोर्चे निघाले! मोजण्याची रीत चुकली, अमुक धरले नाही, तमुक जास्त धरले, असा वाद वर्षानुवर्षे चालला. तो चालू शकला ह्याचे कारण दांडेकरांनी आकडा कसा काढला ते छापून ठेवले होते. पानापानावर बोट ठेवून भांडता येत होते.

हीच गोष्ट आणेवारीची. दशमान नाणी १९५७ साली आली, आणे गेले, कागदोपत्री पैसेवारी झाली, तरी आमच्याकडे शब्द आणेवारीच राहिला. पीक किती आले त्याचा हा सरकारी अंदाज. पन्नास पैशांच्या आत आला तर गावात टंचाई आहे असे धरतात, सारा-वसुलीत सवलत मिळते. आणेवारी पुष्कळदा चुकते, आणि शेतकऱ्याच्या विरुद्ध चुकते, हे कोणा मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. पण चुकली तर कोणापुढे जाऊन आरडाओरडा करायचा ते गावाला ठाऊक असते. तलाठी दिसतो, त्याला नाव असते, त्याला चावडीवर बसवून शिवारात नेता येते. 'चला, माझे सोयाबीन बघा,' असे म्हणता येते. आता पीकविम्याच्या कामात उत्पन्नाचा अंदाज बांधताना उपग्रहाच्या छायाचित्रांचा आधार घेऊ लागले आहेत. उपग्रहाला आकस नाही, तो लाच खात नाही, हे मोठेच सुख. पण त्याला शिवारात नेता येत नाही.

हे सगळे सभेत कसे मांडावे, ह्याचा धडा आम्हांस नांदेडातच मिळालेला आहे. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. नरहर कुरुंदकर तेथे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. त्याआधी ते शाळेत शिकवीत. इंटरच्या परीक्षेत त्यांना पुन्हा पुन्हा अपयश आले होते, ही हकिकत आमच्याकडचे विद्यार्थी निकालाच्या दिवशी विशेष आवडीने सांगतात! त्यांचे व्याख्यान ज्यांनी ऐकले ती वडीलधारी माणसे एकच गोष्ट सांगतात: ज्याचे खंडन करायचे त्याची बाजू ते आधी इतकी बळकट करून मांडीत की, श्रोत्याला वाटे आता हा गडी स्वतःच तिकडे जाणार. मग एकेक प्रश्न काढीत. स्वतः नास्तिक, पण धर्मग्रंथ, परंपरा, संगीत, नाट्यशास्त्र, सगळ्यांत शिरले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नाशीत, तेव्हाच्या औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. आज ते असते तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर काय बोलले असते, ह्याचा तर्क करण्याचा मोह मी आवरतो. पण आधी 'बुद्धिमत्ता' ह्या शब्दाचीच झडती त्यांनी घेतली असती, इतके म्हणायला हरकत नसावी.

कुरुंदकरांची सभा विद्वानाची. तिच्या पलीकडे दुसरी एक सभा महाराष्ट्रात होती, ती निरक्षरांची. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. बाबा सांगत कमी आणि विचारीत जास्त. उत्तर लोकांकडून काढीत. १९५६ साली बाबा गेले, तेव्हा ती रीत बरीचशी गेली. थोडी उरली ती विज्ञान चळवळीत. १९६६ साली मुंबईस मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिने मराठीतून विज्ञान सांगणारी माणसे गावोगाव नेली. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली देशभर विज्ञान जथे निघाले, ते शेवटी भोपाळलाच मिळाले. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, आणि चमत्कार करून दाखवून मग त्याची युक्ती श्रोत्यांपुढेच उलगडायची, हा प्रकार शाळाशाळांत पोचला.

ह्या चळवळीतला एक प्रयोग मला आजच्या विषयाला अतिशय लागू वाटतो. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे ह्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्यांतली शंभर मुले अत्यंत हुशार, शंभर मतिमंद. पत्रिका मिसळून टाकल्या आणि ज्योतिष्यांना आवाहन केले की, प्रत्येकाने चाळीस पत्रिका घ्याव्या आणि कोणती कोणाची ते सांगावे. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी आली शेकडा ४६. नाणे उडवून सांगितले असते तरी शेकडा पन्नासाच्या आसपास बरोबर आले असते! निकाल रीतसर छापला गेला. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, दाभोलकरांचा तर २०१३ साली खूनच झाला. पण कोणी भविष्य सांगतो म्हटले की, आधी त्याला चाळीस पत्रिका द्याव्या, ही रीत ते शिकवून गेले.

आणि आजचे यंत्र करते काय? तेही भविष्यच सांगते. माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. जगातले अफाट लिखाण त्याला खाऊ घातलेले असते, आणि अमुक शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, ह्याचा अंदाज करीत करीत ते वाक्य विणते. अंदाज बहुधा इतका सफाईदार की, आपण थक्क होतो. दुसऱ्या जातीचे यंत्र माणसांच्या याद्या खाते आणि कोण लबाड, कोण कर्ज बुडवील, कोण अपात्र, ह्याचा अंदाज करते. दोन्हींत एक खोड समान आहे. ज्याचे अन्न कमी, त्याच्याविषयीचा अंदाज कच्चा. इंग्रजीच्या मानाने मराठी लिखाण त्या ढिगाऱ्यात थोडे, आणि आमच्या लातूर-उदगीरकडची बोली तर चिमूटभर. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मुक्तिसंग्रामावर निबंध आणला. भाषा झकास, माझ्याहून शुद्ध. त्यात उमरीच्या बँकेवर 'दरोडेखोरांनी दरोडा घातला' असे वाक्य होते. हिशेबाचा उल्लेख नव्हता. मी मुलाला विचारले, हे तुला कोणी सांगितले? तो म्हणाला, 'सर, मोबाइलनं.' मोबाइलला कोणी सांगितले, ह्यावर आमचा तास छान रंगला.

निबंधातली चूक लाल शाईने सुधारता येते. रेशनची चूक कशी सुधारायची? गोष्ट आमच्या शेजारची आहे, तेलंगणातली. नांदेड जिल्ह्याची वेस ओलांडली की तेलंगणच. २०१४ ते २०१९ ह्या काळात तेथे १८ लाखांहून अधिक रेशनकार्डे रद्द झाली. सरकारी दप्तरांतल्या निरनिराळ्या याद्या एकमेकींशी जुळवून कोण पात्र नाही ते शोधणारी एक संगणकीय यंत्रणा ह्या कामात वापरली गेली. हैदराबादेतल्या एका रिक्षा ओढणाऱ्याचे नाव एका मोटारमालकाच्या नावासारखे निघाले, आणि यंत्राच्या लेखी हा गरीब मोटारीचा धनी झाला. कार्ड गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एप्रिलात रद्द कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करा, असे सांगितले. तपासल्यावर हजारो कुटुंबे खरोखर पात्र निघाली.

हे गरिबांच्या मुलखातच घडते असेही नव्हे. हॉलंडसारख्या नीटनेटक्या देशात मुलांच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या मदतीत कोण लबाडी करतो ते हुडकण्यासाठी अशीच यंत्रणा वापरली. हजारो निरपराध आईबाप, विशेषतः परदेशी मूळ असलेले, कर्जबाजारी झाले. २०२१ च्या जानेवारीत त्यावरून तेथले मंत्रिमंडळ गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात युनेस्कोच्या १९३ सभासद राष्ट्रांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीविषयी शिफारशी मान्य केल्या. त्यांत पारदर्शकता, उत्तरदायित्व असे शब्द आहेत. उत्तरदायित्व म्हणजे उमरीच्या माणसांनी जे केले ते.

आता आमच्या सभांकडे वळतो. मी अशा सातआठ व्याख्यानांना आणि कार्यशाळांना बसलो आहे. वक्ते बहुधा अभ्यासू असतात, तळमळीचे असतात; त्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण कार्यक्रमाचा एक साचा बसून गेला आहे. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, शाल, पुन्हा सत्कार, पाहुण्यांचा परिचय, पडद्यावरची चित्रे, मग प्रमाणपत्रे आणि छायाचित्र. प्रश्नोत्तरे पत्रिकेवर छापलेली असतात. त्यांची वेळ येते तेव्हा सूत्रसंचालक उठतो आणि म्हणतो, 'वेळेअभावी.' निजामाला एवढी साधी युक्ती सुचली नाही. बिचाऱ्याने गश्ती काढली!

गेल्या श्रावणात लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अशीच एक कार्यशाळा होती. गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही. सभागृहात शेदीडशे मुले, पुढच्या ओळीत आम्ही शिक्षक, आणि अगदी मागे, नातवाला घेऊन आलेली एक म्हातारी. वक्ता तरुण, नम्र, मराठी चांगले बोलणारा. यंत्रातल्या पक्षपातावर त्याने उत्तम विवेचन केले. संपता संपता म्हातारी उठली. हात वर करायचा असतो हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

'साहेब,' ती म्हणाली, 'माझं म्हातारपणाचं अनुदान सात महिने झाले बंद हाय. कचेरीत म्हणत्यात, सिस्टीममधी नाव उडालंय. ती सिस्टीम कोण हाय? कुठं बसती?'

मुले हसली. वक्त्याने हसू दिले नाही, ही त्याची सभ्यता. तो म्हणाला, 'आजी, हे एआय नसावं. ती साधी संगणकातली यादी असते. काहीतरी कागद जुळला नसेल.'

तांत्रिकदृष्ट्या त्याचे बरोबर असावे. पण म्हातारी बसली नाही. 'मला त्याचं नाव घेऊन काय करायचंय, बाबा? उडवलं कुणी, ते सांगा. त्याला जाऊन इचारते.'

सूत्रसंचालक उठला. तो काय म्हणणार ते आम्हां सर्वांस ठाऊक होते. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेले एक निवृत्त अव्वल कारकून उभे राहिले. आयुष्यभर कचेरीत घालवलेला माणूस, बोलणे मोजके. ते म्हणाले, 'दोन मिनिटे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम आहे. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला त्या निर्णयाची कारणे कळवणे हे सरकारी कचेरीचे कर्तव्य आहे. कारकुनाने निर्णय घेतला तर कळवायचे आणि यंत्राने घेतला तर नाही, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.' असे म्हणून ते खाली बसले. वक्त्याने ते वाक्य आपल्या वहीत टिपून घेतले, आणि सभागृहात त्या दिवशी प्रथमच टाळ्या न सांगता पडल्या.

प्रमाणपत्रे वाटली गेली. छायाचित्र झाले. मग चहाच्या टेबलावर त्या अव्वल कारकुनांनी कोरा कागद मागवला. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट कोणाच्या तरी पाकिटात निघाले. अर्ज नातवाने लिहिला. अक्षर चांगले होते. तीन प्रश्न होते. नाव कोणत्या तारखेस कमी केले? कोणत्या कारणाने केले? तो निर्णय कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने झाला? चौथा प्रश्न वक्त्याने सुचवला: याद्या जुळवण्याचे काम संगणकाने केले असल्यास त्याचे निकष काय, आणि ते कोणी ठरवले? म्हातारीने अंगठा उठवला. पॉस मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही, कामाने रेषा झिजल्या आहेत; कागदावर मात्र स्वच्छ उमटला.

कायद्याने उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. दुसऱ्या दिवशी अर्ज कचेरीत दिला आणि पोच घेतली. हा लेख संपादकांकडे पाठवतो आहे तो दिवस बाविसावा. नातू रोज शाळेतून येताना पोस्टमनला विचारतो.